दुसऱ्यांच्या कबरी शोधताना

वडील गेले त्या वर्षी आम्ही चंडीगडजवळ चंडीमंदिरच्या छावणीत होतो. नवरा सैन्यात कर्नल, मुलगी अकरावीत, आणि मी दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका भरायची सवय झालेली बाई. वडिलांच्या दिवसांसाठी कोल्हापूरला गेले, तेव्हा दहाव्याला घाटावर गुरुजींनी भावाला विचारलं, "वडिलांचं नाव? त्यांच्या वडिलांचं? त्यांच्या आजोबांचं?" भाऊ दोन नावं सांगून थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मलाही तिसरं येईना. वडिलांना किती वेळा विचारता आलं असतं! गुरुजी म्हणाले, "असू दे. नाव ठाऊक नसलेल्यांचीही शास्त्रात सोय आहे," आणि पुढचा मंत्र सुरू केला.

परत आले तरी ते मनातून जाईना. घरात मुलीसाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. ती शाळेतून आली की जेवून थेट चंडीगडच्या सेक्टर चौतीसमधल्या कोचिंगला जायची, त्यामुळे दुपारभर तो माझाच. तेव्हा टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट लागायचं. आधी किरकिर, मग शिट्टी, मग शांतता. तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. नवरा ऑफिसातून फोन लावून कंटाळायचा आणि संध्याकाळी म्हणायचा, "घरात शत्रू शिरला तरी मला कळणार नाही."

घराण्याच्या जुन्या नोंदी फुकट शोधता येतील अशी एक साइट मुलीने दाखवली होती. तिथे मी आमचं माहेरचं आडनाव टाकलं. पान उघडेपर्यंत कणीक मळून व्हायची. काही सापडलं नाही. इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून पाहिलं, तरी नाही. आमच्यासारख्यांच्या नोंदी तिथे नव्हत्याच. होत्या त्या गोऱ्यांच्या. इथे आलेले, इथेच लग्नं केलेले, इथेच मेलेले शिपाई, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. चर्चच्या जुन्या नोंदवह्या हौशी माणसांनी घरी बसून टाइप केल्या होत्या आणि कुणीही वाचाव्यात म्हणून ठेवून दिल्या होत्या.

शोधायचं राहिलं बाजूला, मी त्याच वाचत बसायला लागले. नाव, वय, कशाने गेला. ताप, पटकी, ऊन लागून. लहान मुलं फार. एखाद्या पलटणीचा एखादा उन्हाळा म्हणजे पानभर मुलं असायची. अंबाला, कसौली, सुबाथू. माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरापलीकडची गावं. वाचून झालं की उठून चहा करायचा, कपडे घडी घालायचे, आणि हे आपण का वाचतोय ते स्वतःला विचारायचं नाही.

त्या साइटवर निरोप लिहायचीही जागा होती. इंग्लंडमधल्या एका म्हातारीने तिथे लिहिलं होतं: माझ्या पणजीची धाकटी बहीण शिमल्याच्या वाटेवरच्या एका छावणीत लहानपणीच गेली. लगेच पलटण हलली. तिच्या आईला ती कबर परत कधी दिसली नाही. पणजी खूप जगली, आणि अगदी शेवटी तिला बाकी कुणी आठवत नसे, ही बहीण तेवढी आठवे. आसपास कुणी राहत असेल तर एक फोटो मिळेल का?

खाली महिनोन्महिने कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं. मी लिहिलं, "मी जवळ राहते."

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "अहो, रविवारी कसौलीच्या बाजूला जाऊ या का? एका कबरीचा फोटो काढायचाय."

"कुणाची कबर?"

"एका इंग्रज मुलीची आहे. खूप जुनी."

"आपला काय संबंध?"

"काही नाही."

त्याने पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "निघायचं तर सकाळी लवकर निघू. कालक्याला ट्रॅफिक लागतो."

ती छावणी डोंगराच्या कुशीत होती. चहाच्या टपरीवर विचारलं तर त्याने हात करून दाखवलं, "वो नीचे, गोरा कब्रिस्तान." चिलाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांखाली उतारावर कबरी, मधून कमरेएवढं गवत, आणि गाईसाठी ते कापणारी एक बाई. नवऱ्याने आल्या आल्या मैदान वाटून घेतलं. "तू वरच्या ओळीपासून ये, मी खालून येतो." जन्मभर नकाशे वाचलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! मी एकेक दगड वाचत खाली येत होते. पुष्कळ अक्षरं पुसलेली होती. एका ठिकाणी एकाच आईबापांची तीन मुलं शेजारी शेजारी होती.

"अगं, इकडे ये," तो म्हणाला.

छोटा दगड होता, गुडघ्याएवढा, शेवाळाने हिरवागार. नवऱ्याने बाटलीतलं पाणी ओतलं आणि रुमालाने घासायला लागला. एकेक अक्षर वर आलं. नाव तेच होतं. आईबापांची नावं होती, पलटणीचं नाव होतं, आणि वय महिन्यांत होतं. तो उकिडवा बसून दगड पुसत राहिला. स्वच्छ झाला तरी पुसतच होता. मी कॅमेरा काढला आणि म्हटलं, "जरा बाजूला व्हा, सावली पडतेय."

तो उठला नाही. दगडावर हात ठेवूनच म्हणाला, "हिला निदान दगड तरी मिळाला."

आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. या विषयावर तो बोललेलं ते पहिलं वाक्य.

आम्हाला एक मुलगा झाला होता. मुलीच्या आधी, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, अंबाल्याला. नवरा तेव्हा कॅप्टन होता आणि पूर्वेच्या सीमेवर गेलेला. मला दिवस गेलेले होते म्हणून मी अंबाल्याच्याच क्वार्टरमध्ये राहिले होते, आई कोल्हापूरहून यायची होती. मुलगा दिवसांच्या आधीच आला. इवलासा, केस मात्र दाट. दवाखान्यातल्या पेटीत ठेवला होता, मी काचेवर बोट ठेवलं की तोंड वळवायचा. निदान मला तसं वाटायचं. बारशाचा दिवस यायच्या आधी तो गेला.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक सरदारजी मेजर राहायचे. नवऱ्याला तार पोचायला आणि त्याला तिथून निघायला बरेच दिवस लागणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मेजरसाहेब वॉर्डात आले, त्यांनी नर्सच्या हातातून ते गाठोडं घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. माझ्याकडे बघवलं नाही त्यांना. दारातून जाताना त्यांची पाठ आणि पगडी तेवढी मला दिसली. कुठे नेलं, मी विचारलं नाही. आई आली तेव्हा मला दूध येतच होतं, तिने छाती घट्ट बांधली आणि म्हणाली, "पहिलं फळ देवाचं असतं बाई. रडू नको, ते पुढच्या मुलाच्या अंगावर येतं." नवरा आला तेव्हा घरात बाळाचं काहीही उरलेलं नव्हतं. आईने सगळं देऊन टाकलं होतं. तो दोन दिवस खुर्चीत बसून राहिला आणि परत गेला. त्याने मुलाला पाहिलंच नव्हतं, तो विचारणार काय? मी पाहिलं होतं, पण तो विचारत नव्हता, मग मी सांगणार कुणाला?

पुढे मुलगी झाली, बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. चंडीगडहून घरी जायचं तर प्रत्येक गाडी अंबाल्यावरून जाते. मी तेवढ्यात डबा उघडायची, नाहीतर मुलीची वेणी घालायला घ्यायची. नवरा बाथरूमला जायचा. आमचं तसं कधी ठरलेलं नव्हतं.

फोटो रिळाचे होते. सेक्टर सतरामध्ये धुऊन घेतले आणि सेक्टर पंधरातल्या सायबर कॅफेत स्कॅन करून म्हातारीला पाठवले. दुसऱ्याच दिवशी तिचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, फोटो पाहून मी रडले, मग माझ्या भावाला बोलावलं आणि तोही रडला, आम्ही दोघं सत्तरीच्या पुढे आहोत आणि ही मुलगी आमची कोण लागते हेसुद्धा नीट सांगता येणार नाही. शेवटी तिने विचारलं होतं, "आणि तुम्ही कुणाला शोधताय? मी मदत करीन. मला वेळच वेळ आहे."

त्या प्रश्नाचं उत्तर मी चार दिवस दिलं नाही. मग पणजोबांचं लिहायला बसले, आणि लिहून झालं तेव्हा पाहिलं तर मुलाचं लिहिलं होतं. माझं इंग्रजी काही फार मोठं नाही. त्यामुळे सगळं साध्या साध्या वाक्यांत गेलं. मुलगा झाला. गेला. नाव नव्हतं. जागा माहीत नाही.

तिने सांत्वन केलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. तिने कामाचं लिहिलं. त्याच साइटवर आपल्या घराण्याचा वृक्ष मांडता येतो, तिथे त्याला घाला. नाव नसलं तरी चालतं, आमच्या जुन्या वह्यांतही कित्येक मुलं नुसती 'अमक्याचा मुलगा' म्हणून आहेत, आम्ही त्यांना वगळत नाही.

मी मांडला. सासरे, सासूबाई, माझे आईवडील, आम्ही दोघं. आमच्या खाली मुलीची चौकट आणि तिच्या आधी एक. नावाची जागा रिकामी सोडली तर मशीन पुढे जाऊ देईना, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'बाळ' लिहिलं. मग बराच वेळ नुसतं त्या पानाकडे बघत बसले. कुठेतरी, कुणालाही दिसेल अशा जागी, तो आमचा मुलगा म्हणून होता.

मुलीला सांगायचं माझ्या मनात होतं, पण तिच्या परीक्षा होऊन जाऊ देत म्हणत होते. तिने स्वतःच ते पान उघडलं. एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि तिने खोलीतून हाक मारली.

"मम्मा, ये कौन है? मेरे पहले?"

मी हात पुसत गेले. तिचं बोट स्क्रीनवर होतं.

"तुझा भाऊ," मी म्हटलं.

"मेरा कोई भाई नहीं है."

"होता."

ती मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. त्या दिवशी तिला दोन्ही भाषा सापडेनात. मी सांगत गेले तसा तिचा चेहरा बदलत गेला. रडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली. "इतने साल! मैं हर राखी पे कज़िन लोगों को कुरियर करती रही और तुमने मुझे बताया भी नहीं?" मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "पापाला माहितीये?"

नवरा दारात उभा होता. केव्हा आला होता कोण जाणे, बूटसुद्धा काढलेले नव्हते. तो येऊन तिच्या पलंगावर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी बघितलं नाही त्याला. तुझ्या मम्माने बघितलंय." आणि मग मला म्हणाला, "कसा होता गं?"

मी सांगितलं. दाट केस, लांब बोटं, काचेशी तोंड वळवणं. इतकं थोडं होतं सांगण्यासारखं, की लगेच संपलं. तेच परत सांगितलं. मुलगी बापाच्या बुटांच्या नाड्या सोडत बसली होती.

मेजरसाहेब ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले होते आणि पंचकुल्यात घर बांधून राहत होते. आम्ही इथे आल्यापासून पार्ट्यांमध्ये दोन-तीनदा भेट झालेली, प्रत्येक वेळी हवापाण्याचं बोलून आम्ही बाजूला झालो होतो. आता नवऱ्याने फोन केला. तिघं गेलो. त्यांच्या बायकोला बहुतेक वाटलं असावं की काहीतरी आनंदाची बातमी आहे, तिने बर्फी काढून ठेवली होती.

नवऱ्याने विचारलं तेव्हा ब्रिगेडियरसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मुझे लगता था तुम लोग कभी नहीं पूछोगे. फिर लगता था, अच्छा ही है."

"सर, वो जगह?"

"टांगरी नदी के किनारे. मैं दिखा दूँगा. क्यों नहीं दिखाऊँगा."

त्यांची बायको माझा हात धरून बसली होती. ती म्हणाली, "हमारे काके का नया स्वेटर था, मैंने वही पहनाके भेजा था. ठंड थी ना." पंजाबीत लहान मुलाला काका म्हणतात. मला त्या क्षणी तो शब्द ऐकवला नाही आणि तिने बोलायचं थांबूही नये असं वाटलं. मुलाच्या अंगात स्वेटर होता हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे अंबाल्याला गेलो. झिरकपूरपासून दोन्ही बाजूंना मॅरेज पॅलेस, गाड्यांचे शोरूम, नव्या कॉलन्यांच्या पाट्या. मेजरच्या हुद्द्यावर असताना जीपने ज्या कच्च्या रस्त्याने साहेब गेले होते तो रस्ता आता नव्हता. ब्रिगेडियरसाहेबांनी ड्रायव्हरला आधी उजवीकडे वळवलं, मग परत मागे. नदीला पाणी नव्हतंच, पावसाळा सोडला तर ती कोरडीच असते. काठाला बांध घातलेला होता. बांधाच्या अलीकडे कुंपण, कुंपणाच्या आत लॉन आणि मोठा मांडव. रात्रीच्या लग्नासाठी माणसं खुर्च्यांना पांढऱ्या खोळी चढवत होती.

साहेब खाली उतरले. काठीने जमीन चाचपत बांधावरून चालू लागले. "यहाँ एक शीशम था," ते म्हणाले. "बड़ा शीशम. उसके नीचे. ऊपर पत्थर रखे थे मैंने, कुत्तों की वजह से." शिसवाचं झाड कुठेच नव्हतं. ते पुढे गेले, परत मागे आले. त्यांची बायको म्हणाली, "बस जी, बैठ जाओ." पण ते थांबेनात. एका ठिकाणी उभं राहून त्यांनी नदीकडे पाहिलं, मग दूरच्या रेल्वेपुलाकडे, हाताने काहीतरी मोजल्यासारखं केलं, आणि तोंड कसनुसं झालं त्यांचं.

"मुझे निशान लगाना चाहिए था," ते नवऱ्याला म्हणाले. "बेटा, मुझे अकल नहीं आई. मैंने सोचा, माँ-बाप भूल जाएँ तो अच्छा. मुझे निशान लगाना चाहिए था."

माझा नवरा वरिष्ठांसमोर कधी खिशात हातसुद्धा घालत नाही. त्याने त्यांना मिठी मारली. "सर," तो म्हणाला, "जो मुझे करना था, वो आपने किया." ब्रिगेडियरसाहेब लहान मुलासारखे रडत होते. मांडवातली माणसं काम सोडून आमच्याकडे बघायला लागली. मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, आपण इथेच बसू या थोडा वेळ." आई म्हणायची सवय तिला नव्हती.

आम्ही बांधावरच बसलो. फुलं आणली होती, पण ठेवायची कुठे ते कुणालाच कळेना. शेवटी मुलीने ती कोरड्या नदीत उतरून वाळूवर ठेवली. पलीकडे लाउडस्पीकरची चाचणी सुरू झाली. वन, टू, थ्री, हॅलो, हॅलो. आम्ही उठलो.

इंग्लंडच्या म्हातारीला मी कळवलं की जागा सापडली नाही. तिने लिहिलं, फार वाईट वाटलं, पण शोधायला गेलात हे तुमच्या मुलीने पाहिलं. त्यानंतर वर्षभर आमचे एकमेकींना मेल चालू होते. तिच्यासाठी मी अंबाल्याच्या आणि सुबाथूच्या आणखी कबरी शोधल्या, तिच्या ओळखीच्या लोकांसाठीही शोधल्या. मग तिच्या भावाचा मेल आला, दोन ओळींचा. ती गेली होती.

मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. नवरा निवृत्त झाल्यावर आम्हीही पुण्याला आलो. एकदा ती साइट उघडायला गेले तर उघडेना. फुकट चालणाऱ्या पुष्कळ गोष्टी तेव्हा अशाच बंद होत होत्या. मी आठवडाभर पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. आमचा वृक्ष कागदावर काढून ठेवायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मुलगी तोवर नोकरीसाठी बाहेरगावी गेली होती, तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मैं बना दूँगी, दुसरीकडे. बाळच लिहायचं ना?" मी हो म्हटलं. तिने बनवला की नाही, मी विचारलं नाही. तिची नोकरी होती, तिच्या मागे शंभर कामं होती.

एका हिवाळ्यात पंचकुल्याहून फोन आला. ब्रिगेडियरसाहेब झोपेतच गेले होते. त्या दिवसांत स्वस्त विमानं नवी नवी सुरू झाली होती, आणि नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा मला न विचारता तिकीट काढलं. मला गुडघ्यांमुळे जमण्यासारखं नव्हतं. दिल्लीला उतरून पुढे टॅक्सीने तो वेळेवर पोचला. त्यांच्या मुलाने नंतर मला फोनवर सांगितलं, खांदा द्यायला तो पहिल्या चौघांत होता आणि शेवटपर्यंत बदली घ्यायला तयार झाला नाही.

परत आला तेव्हा दमलेला होता. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो जेवला, ताट उचलून मोरीत ठेवलं, आणि डावा खांदा दाबत म्हणाला, "फार हलके झाले होते गं."